१३बी रोटरी इंजिन उघडले आहे: झिजलेले कोणते भाग परत बसवावेत?

गॅरेजातला रविवार (ऑकलंड)

नमस्कार.

माझ्याकडे १९९० सालची मझदा आरएक्स-७ आहे, एफसी३एस (थोडक्यात एफसी) टर्बो. तिच्या १३बी रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर आपापल्या हाउसिंगमध्ये, म्हणजे कवचात, फिरतात. ती जपानमधून वापरलेली म्हणून न्यूझीलंडला आली आणि माझ्या हाती पडेपर्यंत तिचे किमान तीन मालक होऊन गेले होते. गेल्या हिवाळ्यापासून तिने एक खोड काढली: थंड असताना पहिल्याच किल्लीला सुरू व्हायची, पण पेट्रोल भरून दहा मिनिटांनी परत किल्ली फिरवली की स्टार्टर नुसताच फिरत राहायचा. रोटरीसाठीचा वेगळा कॉम्प्रेशन गेज एका ओळखीच्या गृहस्थांकडून आणला आणि मोजले. मिनिटाला २५० फेऱ्यांवर पुढच्या रोटरच्या तीन बाजूंना ६.४, ६.२ आणि ६.३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर आले, तर मागच्या रोटरला ५.९, ४.६ आणि ४.७. मझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये किमान मर्यादा ६.० दिली आहे, म्हणजे मागचा रोटर नापास आणि पुढचा काठावर पास.

इंजिन उतरवून उघडले आहे. फ्लायव्हीलचा ५४ मि.मी.चा नट सोडवण्यासाठी शेजाऱ्यांकडून सहा फुटी पाइप मागून आणावा लागला आणि तो नट सुटला तेव्हा झालेला आवाज ऐकून त्यांच्या सौभाग्यवती बाहेर आल्या, एवढे सोडले तर उघडण्याचे काम विनासायास झाले. मागच्या रोटरच्या ज्या दोन बाजूंचे कॉम्प्रेशन कमी होते, त्यांच्यामधले अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या टोकावरची हवाबंद पट्टी) काजळीत असे रुतले होते की बोटाने दाबले तरी हलत नव्हते. रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवल्यावर ते बाहेर आले. खालची स्प्रिंग इतर पाचांच्या तुलनेत सपाट झालेली दिसते. मागच्या रोटर हाउसिंगला स्पार्क प्लगच्या बाजूला, अगदी कडेला, साधारण तीन मिलिमीटर लांबीचा क्रोमचा पापुद्रा उडाला आहे. मागच्या साइड हाउसिंगवर (कवचाची बाजूची सपाट भिंत) साइड सील (रोटरच्या बाजूच्या कडेची पट्टी) फिरते त्या वाटेवर नखाला पायरी लागते. मागच्या रोटरच्या बेअरिंगमध्ये एका पट्ट्यात तांबे दिसू लागले आहे.

माझी अडचण थोडी संस्काराची आहे. कोल्हापूरला आमच्या घरी स्कूटरचे इंजिन उघडले की वडील सिलिंडर बोअरिंगला टाकायचे, एक साइज वरचा पिस्टन आणि रिंगा घालायचे आणि गाडी पुन्हा काही वर्षे निमूट चालायची. टाकून द्यायचे ते फक्त पिस्टन आणि गॅस्केट. इथे मात्र ज्याला विचारावे तो एकतर "सगळे नवे घाला" म्हणतो, नाहीतर "सील मोकळे झाले ना, मग स्वच्छ करून बांधून टाका" म्हणतो. सगळे नवे घ्यायचे तर दोन नव्या हाउसिंगचीच किंमत मी गाडी घेतली त्या रकमेला जाऊन भिडते. बिघाड झिजेने नसून काजळीने झाला असेल, तर बाकीचे भाग परत वापरायला हरकत काय? आणि असेल तर ती कोणत्या भागापुरती?

तिकोनी (मेलबर्न)

आपण कॉम्प्रेशनचे सहाही आकडे वेगवेगळे लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बहुतेक जण साधा पिस्टन इंजिनाचा गेज लावून एकच आकडा लिहितात आणि त्यातून काहीच कळत नाही.

एक अ‍ॅपेक्स सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत असते. ते नीट बसत नसेल तर दोन बाजूंचे कॉम्प्रेशन एकदम खाली येते आणि तिसरीचे बरे राहते. साइड सील मात्र एकाच बाजूचे असते, म्हणून ते गेले तर एकच आकडा पडतो. आपले ४.६ आणि ४.७ हे त्या रुतलेल्या सीलकडेच बोट दाखवत होते आणि उघडल्यावर तेच निघाले. इथपर्यंत आपले निदान बरोबर आहे.

पण "स्वच्छ करून बांधून टाका" हा सल्ला मी मानणार नाही, आणि त्याचे कारण मागच्या रोटरमध्ये नसून पुढच्या रोटरच्या आकड्यांत आहे. तिथे काहीही रुतलेले नव्हते, तरी कॉम्प्रेशन ६.२ ते ६.४. म्हणजे काजळीचा दोष वजा केला तरी आपल्या हाती उरते ते मर्यादेला टेकलेले इंजिन. काजळीने आपल्याला ते उघडायला लावले इतकेच. झीज त्याच्या आधीपासून होती.

आता वडिलांच्या पद्धतीबद्दल. ती पद्धत पिस्टन इंजिनात चालते, कारण तिथे सिलिंडर गोल असतो आणि ओतीव लोखंडात खोलवर माल शिल्लक असतो. दोनदा बोअर केला तरी चालतो. रोटर हाउसिंगची आतली रेषा वर्तुळ नाही, ती कमरेत थोडी दबलेली ट्रोकॉइड आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या आत पोलादी पत्र्याचे अस्तर आणि त्यावर कठीण क्रोमचा पातळ थर, असे ते बांधलेले असते. त्या क्रोममधून माल काढायला जागाच नाही आणि ओव्हरसाइज रोटर नावाची वस्तू बाजारात नाही. म्हणून रोटरीत बहुतेक मोठ्या भागांसाठी दोनच निकाल उरतात: भाग मापात आहे, किंवा नाही. दुरुस्तीची मधली पायरी फार थोड्या ठिकाणी मिळते.

तेव्हा मापे घ्या. आपल्या २ मि.मी. जाडीच्या अ‍ॅपेक्स सीलची नवी उंची ८.० मि.मी. असते आणि ६.५ ला ते बाद होते. सीलची दोन्ही टोके आणि मध्य असे तीन ठिकाणी मोजा, कारण सील सरळ न झिजता एका टोकाला जास्त झिजते. रोटरच्या खाचेतली फट ०.०६२ ते ०.१०२ मि.मी. असावी आणि ०.१५ च्या पुढे गेली तर खाच गेली. पण ही फट नवे सील घालूनच मोजावी. जुने सील घालून मोजली तर झीज सीलची की खाचेची हे कळत नाही, आणि सील बदलता येते, खाच नाही. (२ ची खाच कातून ३ मि.मी.ची करण्याची जुनी युक्ती आहे, पण त्यासाठी अचूक मिलिंग करणारा माणूस हवा.) साइड सील आणि कॉर्नर सील (रोटरच्या कोपऱ्यावरची गोल गुंडी) यांच्यातली फट नव्या जोडणीत ०.०५ ते ०.१५ ठेवतात आणि ०.४० ला ती बाद. साइड हाउसिंगवर साइड सीलने केलेली पायरी ०.१० पर्यंत आणि पृष्ठभागाचा वाक ०.०४ पर्यंत चालतो. रोटर हाउसिंगची रुंदी चार ठिकाणी मोजायची. पहिल्या बिंदूची रुंदी आणि बाकी तिघांतली सर्वांत कमी रुंदी यांत ०.०६ पेक्षा जास्त फरक असेल तर ते हाउसिंग ठेवू नये.

या सगळ्या आकड्यांबद्दल एक गोष्ट मी पहिली दोन इंजिने बांधून, आणि त्यांतले एक परत उघडून, शिकलो. मर्यादेचा आकडा म्हणजे "इथून पुढे नको" असे सांगणारी रेषा असते. "इथून नवी सुरुवात करा" असे ती म्हणत नाही. साइड सीलची फट ०.३५ आहे आणि मर्यादा ०.४० आहे, म्हणून ते सील पास, असे कागदावर लिहिता येते. पण तशा बारा साइड सीलमधून आणि सहा अ‍ॅपेक्स सीलच्या टोकांमधून थोडी थोडी हवा निसटली की एकही भाग नापास नसताना इंजिन नापास होते. माझ्या त्या इंजिनात नेमके हेच झाले होते. प्रत्येक मापापुढे मी बरोबरची खूण केली होती आणि कॉम्प्रेशन आले ६.१.

मायक्रॉनकाका (चिंचवड)

रोटरी इंजिन मी हातात घेतलेले नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षे टूलरूममध्ये आणि शेवटची काही वर्षे तपासणी विभागात काढली, त्या अधिकाराने फक्त मोजमापाबद्दल लिहितो.

पहिले म्हणजे नख. नखाला पायरी लागली, यावरून पायरी आहे एवढेच कळते; किती आहे ते कळत नाही. नखाला जाणवते ती उंचीपेक्षा कडेची धार. दहा मायक्रॉनची (हजार मायक्रॉनचा एक मि.मी.) धारदार कड नखाला टोचते आणि पन्नास मायक्रॉनचा गुळगुळीत उतार नखाखालून पाणी वाहावे तसा निघून जातो. तेव्हा नखावरून काही बाद करू नका आणि नखावरून काही पासही करू नका. डायल गेज चुंबकी स्टँडवर घट्ट बसवा, टोक न झिजलेल्या भागावर ठेवून शून्य करा आणि हळूहळू वाटेवर आणा. हे निदान आठ ठिकाणी करा आणि प्रत्येक ठिकाणी परत फिरून शून्य येते का ते पाहा. शून्य परत येत नसेल तर आपण पायरी मोजत नसून स्टँडचे हलणे मोजत आहात.

दुसरे म्हणजे तापमान. आपले गॅरेज सकाळी थंडगार आणि दुपारी उबदार असणार. ८० मि.मी. रुंदीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचे तापमान १० अंशांनी वाढले तर ते साधारण १८ मायक्रॉन वाढते, तर तेवढ्याच रुंदीचा ओतीव लोखंडाचा रोटर जेमतेम ८ ते ९. एकाच हाउसिंगचे चार बिंदू एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर याने फारसे बिघडत नाही, कारण सगळे सारखेच फुगतात. पण हाउसिंगच्या रुंदीतून रोटरची रुंदी वजा करून बाजूची फट काढणार असाल, तर दोन्ही भाग, मायक्रोमीटर आणि त्याचा मास्टर (माप जुळवण्याचा ठरावीक तुकडा) हे रात्रभर एकाच टेबलावर ठेवा आणि सकाळी हात न लावता, म्हणजे हातमोजे घालून, मोजा. आमच्याकडे नवीन पोरे माप बरोबर घ्यायची आणि भाग दहा मिनिटे तळहातावर धरून बसायची.

तिसरे. घरच्या साधनांनी पायरी ०.०९ आली, तर ती ०.०८ ते ०.१० यांत कुठेतरी आहे असे वहीत लिहा. मर्यादेच्या इतक्या जवळ आल्यावर पास-नापास हा प्रश्न गेजला विचारून उपयोग नसतो. तो भाग परत उघडायला किती कष्ट पडतील, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

जुनेच सोने (पर्थ)

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो, कारण असे धागे वाचून बरेच जण घाबरतात आणि चांगले भाग भंगारात घालतात.

माझ्या एफसीचे इंजिन मी अ‍ॅपेक्स सील जुनीच ठेवून बांधले. उंची ७.५ च्या वर होती, खाचा चांगल्या होत्या आणि प्रत्येक सील मी ज्या खाचेतून काढले त्याच खाचेत, त्याच तोंडाने परत घातले. सील आणि हाउसिंग एकमेकांना घासून घासून जुळलेली असतात. त्या जोडीतला एकच गडी बदलला तर नव्याला पुन्हा बसायला वेळ लागतो. त्या इंजिनावर ३०,००० किलोमीटर झाले आहेत आणि ते अजून गरम असतानाही झटकन सुरू होते. स्प्रिंगा, रबराचे सगळे भाग, ऑइल सीलमधल्या रिंगा आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) सील मात्र मी डोळे मिटून नवी घातली. त्यात काटकसर करणाऱ्याला मी माझ्या पंगतीत घेणार नाही.

कडेच्या क्रोमबद्दल. तीन मिलिमीटरचा पापुद्रा पाहून हाउसिंग फेकू नये. तो सीलच्या मुख्य वाटेत आहे की अगदी कडेला, हे महत्त्वाचे. कडेला असेल आणि उघडी पडलेली कड मऊ दगडाने हलकेच मारली असेल तर अशी हाउसिंगे बरीच वर्षे चालतात. हाउसिंगच्या पोटाच्या मध्यभागी टिकलीएवढाही क्रोम उडाला असेल तर मात्र मीही ते ठेवणार नाही.

तिकोनी (मेलबर्न)

पर्थच्या गृहस्थांशी मी निम्मा सहमत आहे. सील त्याच खाचेत परत जाणे, उंची ७.५ च्या वर असणे आणि खाच मापात असणे, या तिन्ही अटी त्यांनी पाळल्या, म्हणून त्यांना यश आले. पण आपली गाडी टर्बो आहे, हे मला इथे ठळकपणे सांगावेसे वाटते. १३बीमध्ये अ‍ॅपेक्स सील तुटले की त्याचा तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडतो आणि वाटेत टर्बोचे टर्बाइन लागते. मग सीलबरोबर रोटरला खड्डा, हाउसिंगला ओरखडा आणि टर्बोची पाती, असा चारही बाजूंनी हिशेब येतो. जो भाग बिघडला तर एकटाच जातो, तो जुना ठेवायला माझी हरकत नसते. जो जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो, तिथे मी नवा घालतो. सहा सीलची किंमत त्या मानाने किरकोळ आहे.

बेअरिंगमध्ये तांबे दिसत असेल तर त्यावर चर्चा नको, बदला. शाफ्टची ती जागा मात्र आधी मोजून पाहा. एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटर ज्यावर बसतात तो मुख्य दांडा) सहसा फार दमदार निघतो आणि बहुतेक वेळा परत वापरता येतो.

आणखी एक ठिकाण लोक विसरतात. एफसीमध्ये कूलंट सीलच्या खाचा साइड हाउसिंगमध्ये असतात. जुन्या, पाणी कधी न बदललेल्या इंजिनात त्या खाचेची आतली भिंत गंजून खड्डे पडलेली असते. तिथे नवे रबर घातले तरी ते टेकायला जागा उरत नाही आणि सहा महिन्यांत पाणी रोटरच्या कप्प्यात शिरू लागते. भिंग घेऊन पूर्ण वळसा तपासा. साइड हाउसिंग लॅपिंगला (घासून सपाट करायला) द्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, की जेवढा माल घासला जाईल तेवढी त्या खाचेची खोलीही कमी होते आणि वरचा नायट्राइडचा (नायट्रोजन मुरवून केलेला) कडक थरही जातो. लॅपिंगनंतर पुन्हा नायट्रायडिंग करून देणारा माणूस मिळत असेल तरच त्या वाटेला जा.

समुद्राकाठचा (हिरोशिमा)

नोकरीनिमित्त इथे राहतो आणि रोटरी हा इथल्या लोकांच्या अभिमानाचा विषय असल्यामुळे सीलबद्दलच्या चर्चेत एक छोटी भर घालतो. मझदाने, त्या वेळच्या तोयो कोग्योने, एनएसयू या जर्मन कंपनीकडून परवाना घेतल्यावर यामामोतो केनिची यांच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग १९६३ साली उभा केला. त्यांच्या मुळावर आली ती हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर उठणारी लाटांसारखी ओरखड्यांची रांग, जिला इथे 'सैतानाच्या नखांच्या खुणा' म्हणत. अ‍ॅपेक्स सील आपल्याच लयीत थरथरते आणि वाटेवर ठोके देत जाते, त्यातून त्या उमटत. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टमध्ये कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेली सील घातली, तेव्हा ती अडचण सुटली. ओतीव लोखंडाची सील नंतर आली.

हे सांगण्याचा हेतू असा, की खाच रुंद झाली की सील तिच्यात डुलते आणि त्याच थरथरीला पुन्हा वाव मिळतो. मागच्या हाउसिंगवर दिवा तिरपा धरून पाहा. एकमेकींपासून सारख्या अंतरावर आडव्या फिक्या रेषा दिसल्या तर दोष हाउसिंगचा मानू नका, खाचेकडे बघा.

गॅरेजातला रविवार (ऑकलंड)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे लावून, काकांच्या सांगण्याप्रमाणे भाग रात्रभर घरातल्या जेवणाच्या टेबलावर ठेवून (त्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही), मापे घेतली.

पुढचा रोटर: नवे सील घालून तिन्ही खाचा ०.०८ ते ०.०९. मागचा रोटर: दोन खाचा ०.१०, आणि रुतलेल्या सीलची खाच ०.१७. हिरोशिमाच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे दिवा तिरपा धरला तेव्हा मागच्या हाउसिंगवर बोटभर पट्ट्यात फिक्या रेषा दिसल्या. त्या नखाला लागत नाहीत. अ‍ॅपेक्स सीलच्या उंची ७.३ ते ७.५, फक्त त्या एकाची एका टोकाला ७.१ आणि दुसऱ्या टोकाला ७.४. साइड सीलच्या फटी ०.२६ ते ०.३६. हाउसिंगच्या रुंदीतला फरक पुढे ०.०२, मागे ०.०५. साइड हाउसिंगच्या पायऱ्या: पुढचे ०.०४, मधले दोन्ही बाजूंना ०.०५, मागचे ०.०९. वाक सगळीकडे ०.०४ च्या आत. कूलंट सीलच्या खाचा पुढे आणि मध्ये स्वच्छ आहेत, मागच्या साइड हाउसिंगमध्ये मात्र खालच्या बाजूला साधारण दोन सेंटिमीटरभर गंजाचे खड्डे आहेत. शाफ्ट मापात आहे. शाफ्टचा टोकाकडचा हालता भाग, म्हणजे एंड प्ले, उघडण्यापूर्वी ०.०६ होता.

सील मोजताना एक गंमत लक्षात आली. ते वाकडे झिजलेले सील काचेच्या तुकड्यावर उभे ठेवले आणि मागे मोबाइलचा दिवा लावला, तर एका टोकाखालून उजेडाची केसाएवढी रेघ दिसते. इतर पाचांखाली काहीच दिसत नाही. मायक्रोमीटरने ७.१ आणि ७.४ असे दोन आकडे सांगितले होते, पण ती रेघ पाहिल्यावर ते सील परत घालावे असे मला वाटेना.

मायक्रॉनकाका (चिंचवड)

आकडे नीट घेतले आहेत. मागचे साइड हाउसिंग ०.०९ आहे म्हणून मी ते बाद केले नसते. पण त्यातच खाचेला खड्डे असतील तर मापावर वाद घालण्याचे कारण उरत नाही. गंजाला मर्यादेचा आकडा नसतो.

तिकोनी (मेलबर्न)

आता चित्र स्वच्छ झाले. मी असे करीन.

पुढचा रोटर, पुढचे हाउसिंग, पुढचे आणि मधले साइड हाउसिंग, शाफ्ट आणि गिअर परत. मागचा रोटर त्या एका खाचेमुळे गेला. त्याच्या जागी वापरलेला रोटर घेताना त्यावर कोरलेले वजनाचे अक्षर पाहा. पुढच्या रोटरच्या अक्षराशी ते जुळावे किंवा फार तर एका अक्षराचा फरक असावा, नाहीतर संतुलन पुन्हा करून घ्यावे लागेल. घेण्यापूर्वी एक नवे सील आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात ठेवून जा आणि विकणाऱ्याच्या समोर तिन्ही खाचा मोजा. जो मोजू देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. मागचे साइड हाउसिंगही वापरलेलेच, पण खाच तपासून.

मागच्या रोटर हाउसिंगबद्दल पर्थकरांचे म्हणणे मान्य. पापुद्रा कडेला आहे, रुंदीचा फरक ०.०५ आहे आणि थरथरीच्या रेषा नखाला लागत नाहीत. नव्या रोटरची खाच मापात असेल तर ते हाउसिंग मी ठेवीन. पण मनात गृहीत धरा, की पुढच्या वेळी उघडाल तेव्हा हे जाईल.

अ‍ॅपेक्स, साइड आणि कॉर्नर सील सगळी नवी, स्प्रिंगांसह. बारा साइड सील एकेक करून त्याच्या खाचेत घालून, कॉर्नर सीलपर्यंतची फट फीलर गेजने पाहत कानसीने घासायची आहेत. याला अख्खा दिवस जातो. घाई केलीत आणि एक सील दोन कानस जास्त घासले गेले तर ते परत वाढवता येत नाही. मी फट ०.०५ ते ०.०८ ठेवतो. दोन्ही रोटरांची बेअरिंगे नवी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते सील मुळात रुतले का, याचा शोध घेतल्याशिवाय इंजिन बांधू नका. इंजेक्टर काढून फवारा आणि प्रमाण तपासून घ्या. आपल्या १९९० च्या गाडीत ऑइल मीटरिंग पंप (सीलना मोजून तेल देणारा) विजेने नियंत्रित होणारा आहे आणि त्याच्या बारीक नळ्या इतक्या वर्षांनी कडक होऊन चिरतात. मागच्या रोटरला सीलसाठी लागणारे तेल पोहोचत होते का, हे पंप हाताशी असताना आत्ताच पाहा.

जुनेच सोने (पर्थ)

साइड सीलच्या फटींचे आकडे पाहून मीही माझे मत मागे घेतो. त्या जुन्या ठेवण्यासारख्या नव्हत्या. अ‍ॅपेक्स सीलमधली पाच मात्र टाकू नका, डब्यात घालून ठेवा. कुणाचे तरी बिनटर्बोचे इंजिन अडले असेल.

गॅरेजातला रविवार (ऑकलंड)

मागच्या रोटरची तेलाची नळी काढली. बाहेरून अखंड दिसत होती; हलकेच वाकवली तर जोडापाशी बिस्किटासारखी तुटली आणि आत काळा, सुकलेला गाळ निघाला. पुढच्या रोटरची नळी स्वच्छ आहे.

सील आणि रबराचा संच मागवला आहे. शनिवारी एका मोडीत गाड्या काढणाऱ्याकडे जात आहे. त्याच्याकडे 'बी' अक्षराचे दोन रोटर आहेत आणि माझ्या पुढच्यावरही 'बी'च आहे. खाचा मोजू देईल का, असे फोनवर विचारले, तर म्हणाला, खुशाल मोजा, पण हातमोजे तुमचे आणा. फीलर गेज आणि एक नवे सील फडक्यात गुंडाळून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहे. त्याच्या मागच्या साइड हाउसिंगची खाच बघायला भिंगही घेतले आहे.